रोल-प्लेइंग गेम: लातूरच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या ट्यूशन एरियाला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि असेंबलीचं दुकान आहे. आधी त्याच जागेत नेट कॅफे होता. औसा, उदगीर, अहमदपूर, रेणापूर, अंबाजोगाई अशा सगळीकडून पोरं येतात, आणि रॅम बसवून होईपर्यंत गेमबद्दल विचारत बसतात. त्यातले बरेच प्रश्न रोल-प्लेइंग गेमचे, म्हणजे पोरांच्या भाषेत आरपीजीचे असतात. हा माझा स्वतःचा जिव्हाळ्याचा विषय आहे. गिऱ्हाईक उभं असताना उत्तर घाईत द्यावं लागतं, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो आहे.

आरपीजी म्हणजे नेमकं काय? तलवार आणि राक्षस असले की आरपीजी झाला का?

तलवार नसली तरी आरपीजी होतो. पैठणला नाथषष्ठीत किंवा तुमच्या गावच्या सप्ताहात सोंगी भारूड बघितलं असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला कळलेलीच आहे. आत्तापर्यंत टाळ धरून उभा असलेला माणूस बाजूला जातो, उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतो, कमरेवर हात ठेवतो आणि सासू होऊन बोलायला लागतो. आवाज बदलतो, चाल बदलते. समोर बसलेलं कुणी मध्येच बोललं, तर उत्तरही सासूच्याच तोंडून येतं. एकनाथांच्या भारुडांत जोशी आहे, गोंधळी आहे, वासुदेव आहे, मुका, बहिरा, वेडी आहे, विंचू चावलेला माणूस आहे. ज्याला जे सोंग मिळालं, त्यानं ते शेवटपर्यंत निभवायचं.

आरपीजीत सोंग तुम्ही घेता आणि गेममधलं जग त्या सोंगाला उत्तर देतं. पात्र तुमचं असतं, अनुभवानं ते वाढत जातं, आणि तुम्ही केलेल्या निवडीचं फळ पुढं कुठं तरी समोर येऊन उभं राहतं. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

एक प्रसंग सांगतो. 2015 मध्ये आलेल्या द विचर 3 मध्ये सुरुवातीच्याच गावात एक मुलगी मरणाच्या दारात पडलेली असते. तिथली वैदू बाई सांगते की आता हातात काही नाही. तुमच्याकडं एक जालीम औषध असतं, पण ते साध्या माणसासाठी बनलेलंच नाही. द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मी दिलं. गेमनं ना शाबासकी दिली, ना चूक दाखवली. बऱ्याच वेळानं, भलत्याच ठिकाणी, एक सैनिक भेटला. त्याचा त्या मुलीवर जीव होता. त्याच्याकडून कळलं की मुलगी जगली, पण तिचं भान कायमचं गेलं. त्या रात्री मी पुढं खेळलो नाही.

हा प्रकार सुरू कुठून झाला?

कागद, पेन्सिल आणि फाशांपासून. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढला. पहिली आवृत्ती अवघ्या 1,000 प्रतींची होती. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, आणि जमेल की फसेल हे फासा ठरवतो. लेव्हल, हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला त्याचा आकडा), एक्सपी (अनुभवाचे गुण) हे आज पोरांच्या तोंडी बसलेले शब्द सगळीकडे पसरले ते याच खेळामुळं.

पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या कॉम्प्युटर यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी असे गेम लिहायला सुरुवात केली. यंत्रणा अभ्यासासाठी होती, त्यामुळं गेम सापडला की पुसला जायचा. त्यातला एक गेम ‘पेडिट5’ अशा, एखाद्या धड्याच्या फाइलला शोभेल अशा रुक्ष नावाखाली ठेवलेला होता. हे वाचलं तेव्हा मला आमचा नेट कॅफे आठवला. तिथंही पोरं गेमचं फोल्डर ‘बायो प्रॅक्टिकल’ या नावानं लपवून ठेवायची.

1981 मध्ये अल्टिमा आणि विझार्ड्री आले. 1986 मध्ये जपानात युजी होरीनं ड्रॅगन क्वेस्ट केला. किचकट नियम बाजूला ठेवून, टीव्हीला जोडायच्या साध्या मशीनवर घरातल्या लेकरालाही खेळता येईल असा. 1987 मध्ये फायनल फँटसी, 1996 मध्ये जपानात पोकेमॉन. आपल्याकडं अनेकांना पिकाचू कार्टूनमधून माहीत झाला. मुळात तो आरपीजीतला आहे, हे सांगितलं की अजूनही लोक चकित होतात.

आता तर सगळ्याच गेममध्ये लेव्हल वाढते. मग सगळेच आरपीजी म्हणायचे का?

माझं उत्तर: नाही. पण प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो, कारण या प्रकाराचं स्थान बदललं ते नेमकं इथं.

2007 च्या कॉल ऑफ ड्युटी 4 मध्ये ऑनलाइन लढताना प्रत्येक बळीला गुण मिळू लागले. गुण साठले की हुद्दा वाढायचा, नवी बंदूक उघडायची, 55 पर्यंत पोचायचं. गोळीबाराच्या गेममध्ये आरपीजीचा हिशेब असा पक्का बसला आणि लोकांना त्याची गोडी लागली. हरलात तरी काही तरी वाढलेलं असतं, म्हणून माणूस पुन्हा येतो. कंपन्यांनी हे लगेच ओळखलं. त्यानंतर क्रिकेट, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती, सगळीकडे तोच हिशेब आला. असॅसिन्स क्रीड ही आधी लपून वार करण्याची मालिका होती. 2017 च्या ओरिजिन्सपासून तिच्यात लेव्हल आणि हत्यारांचे दर्जे आले, आणि 2018 च्या ओडिसीत संवादाचे पर्यायही. त्याच वर्षीच्या गॉड ऑफ वॉरमध्ये चिलखतावर आकडे दिसायला लागले. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो हे ॲपसुद्धा एक्सपी देतं.

म्हणजे आरपीजीचा सांगाडा सगळ्यांनी उचलला. जीव मात्र फार थोड्यांनी घेतला. आकडा वाढणं सोपं आहे, ते कुठल्याही गेमला चिकटवता येतं. ‘मी कोण आहे आणि या प्रसंगात मी काय करीन’ हा प्रश्न असा चिकटवता येत नाही. तो गोष्टीत पहिल्यापासून मुरवावा लागतो. एखादा गेम आरपीजी आहे का हे ओळखायला मी पोरांना एकच कसोटी देतो. तुझ्या आणि तुझ्या दोस्ताच्या गेममध्ये, बंदुका आणि कपडे सोडून, काय वेगळं घडलं? दोघं बसून तासभर सांगू शकत असाल, तर तो आरपीजी.

मग मधल्या काळात खरे आरपीजी मागे पडले होते का?

विक्रीत पडले नव्हते. 2011 चा स्कायरिम आजवर 6 कोटींहून जास्त विकला गेला आहे, द विचर 3 ने 5 कोटींचा टप्पा ओलांडला आहे. पण खूप वाचायला लावणारे, वरून बघत टोळी चालवायचे, विचार करून पाऊल टाकायचे आरपीजी मोठ्या कंपन्यांनी जवळपास सोडून दिले होते.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. 1997 चा फॉलआउट, 1998 चा बाल्डर्स गेट, 1999 चा प्लेनस्केप: टॉर्मेंट हे गेम मुख्यतः लिहिलेले होते. एका प्रश्नाला आठ उत्तरं ठेवायची, तर लेखकानं आठ वाक्यं लिहायची, झालं. पुढं प्रत्येक वाक्याला आवाज, चेहऱ्याचे हावभाव, कॅमेरा हे सगळं आलं. मग प्रत्येक जादा पर्यायाला कलाकार, स्टुडिओ आणि ॲनिमेशनचा खर्च. साहजिकच पर्याय कमी होत गेले. 2015 च्या फॉलआउट 4 मध्ये नायकालाच आवाज दिला आणि संवादाला चारच वाटा ठेवल्या. जुने खेळाडू त्यावर फार नाराज झाले. त्याच कंपनीनं 2023 च्या स्टारफील्डमध्ये नायकाला पुन्हा मुका ठेवला.

वाट मोकळी केली ती खेळाडूंनी. 2012 मध्ये ऑब्सिडियन या स्टुडिओनं लोकवर्गणी मागितली. जुन्या वळणाचा आरपीजी करतो, आधी पैसे द्या. सुमारे 74 हजार लोकांनी मिळून जवळपास 40 लाख डॉलर दिले आणि त्यातून पिलर्स ऑफ इटर्निटी उभा राहिला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओनंही 2013 मध्ये अशीच वर्गणी काढून डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन केला. गावात देऊळ वर्गणीतून उभं राहतं, शाळेची खोली वर्गणीतून उभी राहते, तेव्हा देणारा ती आपली समजतो. इथंही तेच झालं. आणि त्याच लॅरियननं दहा वर्षांनी बाल्डर्स गेट 3 केला.

बाल्डर्स गेट 3 बद्दल एवढं कौतुक का?

3 ऑगस्ट 2023 ला तो पूर्ण रूपात आला. त्याआधी जवळजवळ तीन वर्षं अपुरा गेम लोकांच्या हातात देऊन, त्यांचं ऐकत दुरुस्त्या चालल्या होत्या. त्या वर्षीचे सर्वोत्तम गेमचे मोठे पुरस्कार त्यालाच मिळाले. पाळीपाळीनं लढायचा, भरपूर वाचायचा, फासे टाकायचा गेम. कंपन्यांनी अडगळीत टाकलेलं सगळं यात होतं, शिवाय प्रत्येक संवादाला आवाज आणि चेहराही होता.

कौतुक का, ते मी डोळ्यानं बघितलेल्या एका प्रसंगातून सांगतो. अहमदपूरचा एक मुलगा नवीन ग्राफिक कार्ड तपासायला दुकानात बसून हा गेम खेळत होता. सुरुवातीच्या भागात एक लहान मुलगी चोरी करताना पकडली जाते. तिच्यासमोर विषारी साप सोडलेला असतो आणि तिचे आईबाप बाहेर ताटकळत उभे असतात. या मुलानं समजूत घालण्याचा पर्याय निवडला. पडद्यावर मोठा वीस बाजूंचा फासा आला, गरगरला आणि 4 वर थांबला. पोरगी गेली. मागचा डाव सेव्ह केलेला होता. दोन बटणं दाबली की पुन्हा टाकता आला असता. त्यानं माउसवरचा हात काढून घेतला, खुर्चीत मागं टेकला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, “काका, आता तिच्या आईला जाऊन सांगावं लागंल.” आणि गेला सांगायला.

फासा हरला तरी गोष्ट थांबत नाही, दुसऱ्या वाटेनं चालत राहते. म्हणून हा गेम मला मोठा वाटतो.

पाळीपाळीनं लढायचे गेम आता जुने झाले ना?

असं बरीच वर्षं मानलं गेलं. फायनल फँटसी बघा: 1997 चा सातवा भाग पाळीपाळीचा, त्याचाच 2020 चा नवा अवतार बराचसा धावपळीचा, आणि 2023 चा सोळावा तर पूर्णच ॲक्शन. पण त्याच सुमाराला उलटा प्रवासही झाला. याकुझा ही हाणामारीची जपानी मालिका 2020 मध्ये पाळीपाळीची झाली आणि लोकांना आवडली. एप्रिल 2025 मध्ये फ्रान्सच्या सँडफॉल या नव्या स्टुडिओनं क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33 काढला. त्यात लढाई पाळीपाळीची, पण समोरचा वार करतो तेव्हा नेमक्या क्षणी बटण दाबून तो चुकवायचा. पहिल्या तीन दिवसांत 10 लाख प्रती गेल्या. जुनं वळण लोकांना नको होतं हे म्हणणं मला कधीच पटलं नव्हतं. नीट केलेलं हवं होतं.

आमचे सगळे दोस्त बीजीएमआय, फ्री फायर खेळतात. त्यात आरपीजीचं काय काम?

दोस्तांबरोबर खेळण्याची मजा वेगळी, ती सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये, पबजीचाच भारतीय अवतार असलेला बीजीएमआय जुलै 2022 मध्ये ॲप स्टोअरमधून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परत आला. त्या काळात पोरं काउंटरवर येऊन विचारायची की माझ्या आयडीचं काय, माझ्या स्किनचं, म्हणजे पात्राच्या विकत घेतलेल्या कपड्यांचं काय. सर्व्हरवरचा गेम दुसऱ्याच्या वाड्यात भाड्यानं राहण्यासारखा असतो. एकट्यानं खेळायचा आरपीजी डाउनलोड करून ठेवला की बहुतेक वेळा इंटरनेटशिवाय चालतो, दहा वर्षांनीही चालतो.

दुसरं म्हणजे पिंग, सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. गावाकडं टॉवर दोन किलोमीटरवर असला, पाऊस आला, की नेट डुगडुगतं आणि गेममध्ये तुमचा माणूस मेलेला असतो. पाळीपाळीच्या आरपीजीत तुम्ही विचार करेपर्यंत बाल्डर्स गेटमधला गोब्लिन थांबून राहतो.

मधेच लाईट गेली तर?

सेव्ह करत जा. बाल्डर्स गेट 3, स्कायरिम, द विचर 3 यांत स्वतः डाव सेव्ह करता येतो. जुन्या जपानी गेममध्ये ठरावीक ठिकाणीच सेव्ह होतं, तिथं पोचेपर्यंत धीर धरावा लागतो. 2022 चा एल्डन रिंग स्वतःच सतत सेव्ह करत असतो, पण तो नेहमीसारखा पॉज होत नाही. आईनं जेवायला हाक मारली तर आधी सुरक्षित जागा गाठा. डेस्कटॉप असेल तर छोटा का होईना, यूपीएस घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर बदल होताना क्षणभर झटका बसतो, त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि कधी कधी सेव्ह फाइलच खराब होते. उन्हाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या किती तरी तक्रारी याच असतात.

माझ्या मशीनवर किंवा फोनवर काय चालेल?

मोठ्या गेमची अडचण आधी जागेची आहे. बाल्डर्स गेट 3 ला 150 जीबी लागतात, तेही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. रोज 2 जीबीचं मोबाइल रिचार्ज असेल तर नुसत्या डाउनलोडला 75 दिवस. ज्यांच्याकडं फायबर आलंय त्यांच्याकडून पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या गेमची फाइल अशी हलवता येते. क्रॅक केलेला गेम आणू नका. त्यातून शिरलेले व्हायरस काढायचं काम मी आठवड्याला करतो, आणि वडिलांच्या बँकेचे पासवर्ड त्याच मशीनमध्ये असतात.

साध्या लॅपटॉपवर, ग्राफिक कार्ड नसतानाही, 2015 चा अंडरटेल आणि 2016 चा स्टारड्यू व्हॅली आरामात चालतात. अंडरटेल टोबी फॉक्सनं बहुतांश एकट्यानं केला, स्टारड्यू एरिक बॅरोननं. अंडरटेलमध्ये एकाही शत्रूला न मारता गेम पूर्ण करता येतो, आणि मारलंत तर गेम ते विसरत नाही. स्टारड्यू अँड्रॉइड फोनवरही आहे. जुना बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केप: टॉर्मेंट यांच्या सुधारित आवृत्त्याही फोनवर मिळतात, मात्र अक्षरं बारीक, त्यामुळं टॅब असेल तर बरं.

स्टीमवर भारतात रुपयांत किंमत दिसते. घेतल्यापासून 14 दिवसांत, आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चालत नाही म्हणून नुसते हळहळत बसतात.

गेन्शिन इम्पॅक्ट फुकट आहे. मग विकतचा कशाला घ्यायचा?

सप्टेंबर 2020 मध्ये आलेला गेन्शिन खरोखर सुंदर आहे, आणि एकही रुपया न देता त्याची गोष्ट पूर्ण करता येते. चीनच्या मिहोयो कंपनीनं फोनवर एवढं मोठं मोकळं जग चालवून दाखवलं, हे मोठंच काम. आरपीजी आज जगभर ज्या रूपात फोनवर पोचला आहे, त्यातलं हे एक मुख्य रूप आहे.

पण पात्रं कशी मिळतात ते नीट बघा. पात्र सोडतीतून निघतं. पाच तारे असलेलं पात्र एका खेपेत निघण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के. नाहीच निघालं तर 90 व्या खेपेला पाच ताऱ्यांचं काही तरी नक्की मिळतं, तेही तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. एका खेपेला 160 रत्नं, म्हणजे 90 खेपांना 14,400. रत्नं खेळूनही मिळतात आणि पैशानंही. धीर सुटला की हात पैशाकडं जातो. जत्रेतल्या रिंग टाकायच्या खेळासारखं आहे. रिंग साबणाभोवती सहज पडते, घड्याळाभोवती पडत नाही.

पाळायचा असा एकच नियम मी सांगतो: वडिलांचं यूपीआय या गेमला जोडू नका. खर्च करायचाच असेल तर महिन्याची रक्कम आधी घरी सांगून ठरवा.

2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं आरपीजीवर बंदी आली का?

नाही. ऑगस्ट 2025 मध्ये झालेला कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. गेम विकत घेऊन खेळणं ही वेगळी गोष्ट आहे.

“भाऊ, माझं लेकरू दिवसभर यातच असतंय. डोकं बिघडंल का?”

हा प्रश्न बहुतेक आया विचारतात, तोही पोरगं बाहेर गेलं की, हळू आवाजात. म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

ताई, या खेळांची भीती नवीन नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्समुळं पोरं सैतानाच्या नादी लागतात, अशी मोठी हाकाटी झाली होती. ती खरी निघाली नाही. पण म्हणून काळजी करूच नका असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार नोंदलेला आहे. नुसते तास मोजून तो ठरत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार मानतात. झोप, जेवण, अंघोळ, दोस्त हे सुटत चालले असतील तर वर्ष होण्याची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, मोफत आहे.

दुसरी बाजूही सांगतो. आमच्या भागात अकरावी-बारावीची पोरं गाव सोडून खोली करून राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास आणि टेस्ट. दर आठवड्याला भिंतीवर रँक लागते. चुकलं की गुण वजा. असं पोरगं रविवारी दोन तास अशा जगात जातं जिथं चुकलं तरी गोष्ट पुढं जाते, तर त्यात मला वाईट दिसत नाही. तुम्ही एकदा शेजारी बसा आणि विचारा, “हा कोण? तू याला का सोडलंस?” पोरं भडाभडा सांगतात. माझ्यासमोर कितीदा झालंय.

वय मात्र बघा. द विचर 3 आणि बाल्डर्स गेट 3 मोठ्यांसाठी आहेत. हिंसा आणि नग्नता दोन्ही आहे, सातवीतल्या मुलाला देऊ नका. अंडरटेल, स्टारड्यू, पोकेमॉन चालतील.

इंग्रजी कच्चं आहे. खेळता येईल का?

येईल, पण गेम बघून. स्टारड्यूपासून सुरू करा. 2019 चा डिस्को एलिझियम सध्या बाजूला ठेवा. त्यात तुमच्या पात्राचे 24 गुण डोक्यात बसून तुमच्याशी वाद घालतात. लिखाण विलक्षण आहे, पण शब्द 10 लाखांहून जास्त आणि इंग्रजी अवघड.

निलंग्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या मुलाची वही मी बघितली आहे. दोनशे पानी, मधोमध रेघ मारलेली. डावीकडं देवनागरीत इंग्रजी शब्द, उजवीकडं त्याचा त्यानं लावलेला अर्थ. ‘पर्स्युएशन: गोडीनं समजूत काढणे. इंटिमिडेशन: दम देणे. डिसेप्शन: थाप मारणे. ग्रज: मनात धरलेला राग.’ शब्दकोशातून उतरवलेले अर्थ असे नसतात. प्रत्येक शब्दामागं त्यानं गेममध्ये कुणाला तरी दम दिलेला होता किंवा थाप मारलेली होती.

मग मराठीत आरपीजी का नाही?

हा प्रश्न मला स्वतःला छळतो. मोठ्या आरपीजीत पोलिश, पोर्तुगीज, तुर्की भाषा दिसतात, मराठी दिसत नाही. कंपनी भाषांतराचा खर्च काढते तो विक्रीवरून, आणि आपली विक्री तिला इंग्रजीतच दिसते. लाखो शब्द, प्रत्येक निवडीनुसार बदलणारे, शिवाय बोलणारा आणि ऐकणारा बाई की पुरुष, यानुसार मराठीत क्रियापद बदलणार. ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’, हे आधी ठरवल्याशिवाय वाक्यच लिहिता येत नाही. काम मोठं आहे हे मान्य.

राज्यात माणसं आहेत. पुण्यात 2008 पासून युबीसॉफ्टचा स्टुडिओ आहे, आणि पुण्याच्याच नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये राजी हा गेम केला, जो जगभर खेळला गेला. तो आरपीजी नाही, साहसकथा आहे, पण इथल्या मातीतली गोष्ट पडद्यावर उभी राहू शकते हे त्यानं दाखवलं.

आणि साधनं आता फुकट आहेत. ट्वाइनमध्ये प्रोग्रामिंग न येताही फांद्या फुटणारी गोष्ट लिहिता येते, आणि ती ब्राउझरमध्ये चालत असल्यामुळं देवनागरी व्यवस्थित दिसते. गोडो या इंजिनमध्ये पूर्वी जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडं जायची. 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती अडचण गेली.

विषयाची तर वाणच नाही. आमच्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं स्टारड्यू व्हॅली दोन हंगाम खेळून मला विचारलं, “काका, यात पावसाचा खंड कसा पडत नाही?” खरंच पडत नाही. त्या गेममध्ये पाऊस आला की पिकाला पाणी मिळतं, नाही आला तर झारीनं घालायचं, तळं कधी आटत नाही. ती म्हणाली, मी केला तर त्यात सोयाबीन पेरल्यावर वीस दिवस पाऊस येणार नाही, आणि तेव्हा ठरवायचं: दुबार पेरणीला पैसे ठेवायचे, बोअर घ्यायचं, की भावाला पुण्याला कामाला पाठवायचं. बोअर घेतलं तर फासा. पाणी लागलं तर लागलं.

त्या क्षणी मला वाटलं की यापेक्षा चांगला आरपीजी मी अजून खेळलेलो नाही. तिनं ट्वाइनमध्ये सुरुवात केली आहे. पहिला पाडवा ते मृग एवढा भाग लिहून झालाय. त्यात सालगड्याशी बोलण्याचे तीन पर्याय आहेत आणि तिन्ही आमच्या बोलीत आहेत.

दुकानात बसून खेळून बघता येतं का?

रविवारी दुपारी 2 ते 5, एकच मशीन आहे, पैसे घेत नाही. अंडरटेल, स्टारड्यू आणि जुना बाल्डर्स गेट टाकून ठेवलेले आहेत. प्रत्येकाचा डाव त्याच्या नावानं सेव्ह असतो, दुसऱ्याचा उघडू नका. त्या मुलीच्या गेमचा तयार झालेला भागही डेस्कटॉपवर आहे. खेळलात तर कुठं अडलात ते शेजारच्या वहीत लिहा, ती दर सोमवारी येऊन वाचते.